श्वास सोडल्यावरचं माप

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, म्हणून आधीच लिहितो. दुकानाच्या वाटणीचं यात काही नाही. आईच्या शिलाई मशीनचंही नाही. मला एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाकडे नाही.

माझ्या घशाशी आंबट पाणी यायला सुरुवात कधी झाली? साल आठवत नसेल तर त्या वेळी टेबलावर कुठला कोट होता तेवढं सांग, साल मी काढीन. "मास्तरांचा बंब तापला" असं तू गिऱ्हाइकांना सांगायचास, ते मला आठवतं. कधीपासून सांगायचास ते आठवत नाही. तुझी वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून. तिच्या अशा साक्षीवर कुठला सर्जन पोट उघडणार?

होय, ऑपरेशन. घाबरायचं कारण नाही. गोळ्यांनी जळजळ थांबते, पण पाणी वर येणं थांबत नाही. ताठ उभा असलो तर ठीक, वाकलो की आलंच. आता शिंप्याने वाकायचं नाही म्हणजे करायचं काय? खडू ओढताना छाती टेबलाला टेकेल इतकं खाली जावं लागतं, तेव्हा कुठे रेघ सरळ डोळ्याखालून निघते. गेलं वर्षभर मी टेबलाच्या पायांखाली विटा देऊन ते उंच केलं आहे आणि ताठ उभा राहून कापतो. माझी रेघ हलते. गिऱ्हाइकाला ते कळत नाही, पण तू दारातूनच ओळखलं असतंस.

रोग साधा आहे. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथलं तोंड बटव्याच्या नाडीसारखं आवळून राहायला हवं. माझी नाडी सैल पडली आहे. शिवाय छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात नळी जाण्यापुरतं जे भोक असतं ते थोडं मोठं झालं आहे. सर्जनबाई आधी ते भोक टाके घालून लहान करतात. मग पोटाचा वरचा सैल भाग नळीच्या मागून ओढून पुढे आणतात आणि त्यालाच शिवून टाकतात. थोडक्यात, नळीला कॉलर. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र फारच वाईट होतं. मी पेन मागून घेतलं आणि त्यांना नीट काढून दिलं. म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडेच या कामाला." मी म्हटलं, "गुरूशिवाय शिकायची सवय आहे, जमेल." त्यांना मी सांगितलं की कॉलर पूर्ण वेढ्याची घाला. अर्धवट काम आमच्या दुकानातून बाहेर जात नाही.

सगळं ठरलं होतं, फक्त एका तपासणीचा निकाल यायचा होता. तो आला आणि बाई म्हणतात, ऑपरेशन करता येणार नाही. नाकातून बारीक नळी घालून, कमरेला डबी बांधून, आंबट पाणी किती वेळा वर येतं ते दिवसरात्र मोजलं, आणि म्हणे पाणी वर येतच नाही! मशीन बिघडलेलं असणार. म्हणून जुना साक्षीदार हवा आहे.

उत्तर पोस्टकार्डावर दिलंस तरी चालेल.

तुझा थोरला


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. आता त्या माहितीची गरजही उरली नाही.

मशीन बिघडलेलं नव्हतं.

परवा भांडायला म्हणून बाईंच्या खोलीत गेलो. तुझी वहिनी बरोबर होती, नको म्हटलं तरी. बाईंनी विचारलं, "तपासणीच्या दिवशी काय काय खाल्लंत?"

"नेहमीचं," मी म्हणालो.

"नेहमीचं?" तुझी वहिनी खुर्ची पुढे ओढून म्हणाली. "अहो डॉक्टर, वाटीभर मऊ भात. तोसुद्धा घास मोजून. एरवी दुकानातून येतात ते तिखटाचा डबा शोधत येतात."

"तू गप्प बस."

"तेच तर करतेय इतकी वर्षं. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. दिवसभर खुर्चीत ताठ बसले, फोटोला बसल्यासारखे. रात्री म्हटलं आडवे व्हा, तर म्हणतात, आलेख खराब होईल."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. डबीला एक बटण असतं, त्रास झाला की रुग्णाने ते दाबायचं. "तुम्ही बटणही फारसं दाबलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्रासच झाला नव्हता, की दाबलं नाही?"

मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. तेही वाईटच काढलं होतं.

तुला ठाऊक आहे, मी एक जुना कोट उसवून कोट शिवायला शिकलो. उसवला, पुन्हा शिवला, बिघडला, पुन्हा उसवला. मला कुणी कधी पास केलं नाही. त्यामुळे कुणी तपासायला बसलं की मी आपोआप सावरून बसतो. ते बटण दाबायचं म्हणजे माझ्या हातून चूक झाली असं दर वेळी लेखी देण्यासारखं वाटत होतं. मला स्वच्छ आलेख हवा होता. मिळाला.

जिना उतरताना तुझी वहिनी फक्त एवढंच म्हणाली, "पोट आत घेतलंत ना?"

मी तिथेच, दोन मजल्यांच्या मधे, कठड्याला धरून उभा राहिलो. लोक बाजूने जात होते.

मापाला उभं राहिलेलं प्रत्येक पोट आत जातं. मोठा साहेब असो की हमाल. टेप पोटावर आली की माणूस श्वास ओढून धरतो. त्या मापाने कोट कापला तर ट्रायलच्या वेळी बटण काजापर्यंत पोचत नाही आणि मग शिंपी गाढव ठरतो. मी टेप धरायचो आणि तू बोलायचास. "परवा तुमच्या साहेबांचं माप घेतलं, तुमच्यापेक्षा सहा बोटं जास्त भरलं." साहेबाचं पोट मोठं आहे हे ऐकून कुठल्याही माणसाला हसू येतंच. हसला की श्वास सुटायचा, आणि त्या क्षणी मी टेप वाचायचो. माझी समजूत होती की मी माप घेतो आणि तू माझं डोकं खातोस.

त्या वकिलाच्या कोटाचं मला आज वेगळंच दिसतं. तुला सर्दी झाली होती, घसा बसलेला. माप घेताना त्या दिवशी तू एक शब्द बोलला नव्हतास. म्हणून तो कोट पोटावर तंग झाला. आणि मी ट्रायलला, त्याच्यासमोर, तुला म्हणालो, "टकळी बंद ठेवली असतीस तर माझं लक्ष राहिलं असतं. गप्पा मारायला ठेवलंय का तुला इथे?"

तू मनगटावरची टाचण्यांची गादी काढून टेबलावर ठेवलीस. "बरं, मास्तर," म्हणालास. तोपर्यंत तू मला दादा म्हणायचास.

तू गेल्यापासून पोटावर तंग होऊन परत येणारे कोट वाढले आहेत. मी गिऱ्हाइकांना सांगतो, तुमचं वजन वाढलं.

तुझा थोरला


६ मार्च

धाकट्या,

तपासणी पुन्हा होणार आहे. अठरा तारखेला. या खेपेला बाईंनी बजावून सांगितलंय, रोजच्यासारखं वागा, रोजच्यासारखं खा, वाका, चिडा, आडवे व्हा. तुझी वहिनी म्हणाली, "चिडायचं मी बघते."

ऑपरेशनच्या बाबतीत मात्र माझा एक पराभव झाला आहे, तो तुला कळवतो, म्हणजे तुला बरं वाटेल.

पूर्ण वेढा मला मिळणार नाही. दुसरी एक तपासणी असते, घोट घोट पाणी गिळायला लावतात आणि नळी अन्न किती जोराने खाली ढकलते ते मोजतात. तिथे सोंग करता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं. माझा जोर कमी भरला. बाई म्हणाल्या, पूर्ण वेढा घातला तर आंबट पाणी पक्कं थांबेल, पण तुमचा घासही वरच अडेल. त्यांच्या मते पाऊण वेढा घ्यावा. मागून कापड आणायचं, दोन्ही बाजूंना शिवायचं आणि पुढचा भाग मोकळा सोडायचा.

मी विचारलं, "आणखी काय असतं तुमच्याकडे?" गिऱ्हाईक कसं सगळे ताके खाली काढायला लावतं, तसं.

त्यांनी काढले. चुंबकाच्या मण्यांचं एक कडं असतं, ते नळीभोवती बसवतात. घास आला की मणी दूर होतात, गेला की पुन्हा चिकटतात. दिसायला दागिना. पण गिळायचा जोर कमी असेल तर तेही अडतं, शिवाय परकी वस्तू कायमची आत. दुसरा प्रकार तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच घड्या घालायचा, पोटाला भोकही पाडावं लागत नाही. पण माझ्या पडद्याचं भोक मोठं झालंय, ते त्या वाटेने शिवता येत नाही. आणि काहीच न करता गोळ्या चालू ठेवणं, हाही एक मार्ग आहे असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण मग विटा टेबलाखालीच राहणार.

मी म्हटलं, "पाऊण म्हणजे अर्धवटच की."

त्या म्हणाल्या, "तुम्ही कोट शिवता ना? उभ्या माणसाच्या अंगावर एक सुरकुती नाही असा कोट शिवलात, आणि तो माणूस खाली बसला, तर?"

बगलेत फाटतो. बसायला, हात उचलायला, घास घ्यायला आत जागा सोडावी लागते. हे मी किती जणांना शिकवलं आहे. मला कुणी शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

अठरा तारखेला दुकान उघडं ठेवणार आहे, नाकात नळी असली तरी. एवढंच कळवायचं होतं.

तुझा थोरला


२१ मार्च

धाकट्या,

अठरा तारखेचं तुझी वहिनी सगळ्यांना भलतंच रंगवून सांगते आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहितो. कुठे चुकलो तर दुरुस्त कर.

तू दारात आलास तेव्हा मी बाही बसवत होतो. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली, डबी कमरेला. तू आत आला नाहीस. उंबऱ्यावरूनच म्हणालास, "मास्तर, एक कोट शिवायचाय."

मी म्हणालो, "तुझं तर तयार कपड्यांचं दुकान आहे. पोत्यांना बाह्या लावून विकतोस असं ऐकलं."

"आमच्या पोत्यांचं बटण तरी लागतं," तू म्हणालास. मग जवळ येऊन नीट पाहिलंस. "नाकाला अस्तर कधीपासून लावायला लागलात?"

वहिनी आतून धावत आली. ती रडली असं ती म्हणते. रडली नव्हती, डोळ्यांना पदर लावला होता इतकंच.

मी टेप घेतली. छाती मोजायला गेलो तर तू श्वास धरून उभा. जन्मभर दुसऱ्यांचे श्वास सोडवणारा तू. मी म्हटलं, "सोड."

"सोडलाय."

"धाकट्या, मला शिकवू नकोस. सोड."

तू छताकडे बघत उभा राहिलास. मला कळलं की आता बोलायचं काम माझ्याकडे आलंय. ते मला येत नाही. तुझंच वाक्य उचललं. "परवा तुझ्या साहेबांचं माप घेतलं..."

"मला साहेब नाही. दुकान माझं आहे."

"मग तुझ्या मेव्हण्याचं घेतलं. तुझ्यापेक्षा सहा बोटं जास्त भरलं."

"तो गेला, दादा," तू म्हणालास. "मागच्या वर्षी."

मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायला मी कुणाला जागाच ठेवली नव्हती. मी तसाच, तुझ्या पाठीमागून दोन्ही हात घातलेले, टेप धरून उभा. आणि मग तू म्हणालास, "पण शेवटपर्यंत सहा बोटं जास्तच होता," आणि हसायला लागलास. मीही हसलो. नाकातली नळी हलत होती, डोळ्यांतून पाणी. वहिनी म्हणाली, "मेल्या माणसावर काय हसताय दोघं!" आणि तीही हसली.

तेव्हा तुझा श्वास सुटला. टेप सैल पडली. मी हसण्याच्या भरात नीट धरली नसेल.

मग सवयीने पँटचीही लांबी घ्यायला मी खाली वाकलो आणि पाणी आलं, थेट घशापर्यंत. मी नेहमीप्रमाणे गिळून टाकून माप वाचायला लागलो. तू वरून म्हणालास, "दादा, बटण."

मी दाबलं. त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत बसलास आणि माझ्या तोंडाकडे बघून सांगत राहिलास, बटण, बटण. वहिनीने वाढलेलं सगळं मी खाल्लं. तू फारसं खाल्लं नाहीस, वाटेत खाऊन आलो म्हणालास.

निकाल आला. आलेख म्हणजे नुसते करवतीचे दात. बाई खूश. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या चांगल्या रीतीने नापास झालो. ऑपरेशन पुढच्या महिन्यात.

कोटाचं कापड तू निवडलेलंच घेतो. जरा वाळलास. दुकानाची दगदग असेल.

तुझा थोरला


९ मे

धाकट्या,

ऑपरेशन होऊन महिना झाला. पोटावर पाच बारीक भोकं, भरत आली आहेत. पाऊण वेढा. पहिले काही दिवस नुसतं पातळ, मग मऊ, आता सावकाश चावून जवळपास सगळं. पूर्वीसारखा ढेकर येत नाही, पोट फुगतं. वहिनी म्हणते, घरात शांतता आहे. कधी पहिला घास छातीत थोडा थांबतो, विचार करतो आणि जातो.

काल टेबलाखालच्या विटा काढल्या. पाठ वाकवली, छाती टेबलाला लागेपर्यंत खाली गेलो आणि थांबलो. काही वर आलं नाही. नाकात फक्त खडूचा आणि कापडाचा वास. किती वर्षांनी. मग खडू घेतला आणि पहिली रेघ ओढायला तुझाच कोट घेतला.

रेघ सरळ आली. आणि त्या सरळ रेघेत मला ते दिसलं.

टेप मी नीट धरली होती. तीस वर्षांत माझ्या हातून टेप सुटलेली नाही, हसताना नाही, ताप असताना नाही. मागचं पत्र लिहिताना मला ते माहीत होतं. पोट आत घेणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. छाती फुगवून धरणारं गिऱ्हाईक मला माहीत नव्हतं, म्हणून तू का श्वास धरलास ते माझ्या ध्यानात आलं नाही. तू अंग चोरत नव्हतास. तू जेवढा उरला नाहीस तेवढा दाखवत होतास. श्वास सोडलास तेव्हा टेप सैल पडली ती मागे तुझ्या पाठीवरून खाली घसरली, आणि मी ती वर घेऊन, आकडा वाचून, खाली वाकून पँटची लांबी घ्यायला लागलो.

खडूने आखलेला तुझा पुढचा भाग टेबलावर आहे. बाहीच्या मुंढ्यापासून कमरेपर्यंत. मी कोवळ्या पोरांचे कोट कापतो तेव्हा एवढं कापड लागतं. तुझं लग्नातलं माप मला तोंडपाठ आहे. ते या आखणीवर ठेवून पाहिलं आणि मधे जी जागा उरली तिच्यावर हात ठेवून बसलो. वहिनी चहा ठेवून गेली, तो निवला.

तू वाटेत खाऊन आला नव्हतास. प्रवासात तुला कधी काही खाता आलं आहे का?

मी तुला चार पत्रं लिहिली. त्यांत माझा घसा आहे, माझं पोट आहे, माझ्या पोटाच्या पडद्याचं भोक आहे, नळीला कुठून कुठे टाके घालणार ते आहे. तू कसा आहेस, हे त्यांत एकदाही विचारलेलं नाही. तू पत्रांना उत्तर दिलं नाहीस याचा मला राग होता. उत्तर द्यायला मी प्रश्न कुठे विचारला होता? पहिल्या पत्रात विचारला तोही माझ्याच घशाचा. आणि तरी तू आलास, बाजूला बसून माझा त्रास मोजलास, स्वतःचा आत घेऊन उठलास.

वहिनी म्हणते, फोन करून सरळ विचारा. मी फोनवर विचारलं तर तू म्हणशील, ठीक आहे. मला आता माहीत आहे की ठीक आहे कसं म्हणतात. मीही तसंच म्हणत होतो.

कोट कच्चा शिवला आहे. दोन्ही कुशींना आणि पाठीच्या मधल्या शिवणीत मी भरपूर कापड आत सोडलं आहे, एवढं मी कधी कुणाच्या कोटात सोडत नाही, आत जाड होतं, नीट बसत नाही. बसू दे वाईट. ते उसवून कोट सैल करायची वेळ यावी म्हणून सोडलं आहे. ते काम मला माझ्या हाताने करायचं आहे, या वर्षी नाही तर पुढच्या.

ट्रायलला गिऱ्हाईक दुकानात येतं, तो नियम मी मोडतो आहे. बाईंनी जड उचलायला मना केलं आहे, पण एक कच्चा कोट काही जड नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. वहिनीही बरोबर येते आहे, नको म्हटलं नाही. तू डॉक्टरकडे गेला असशील तर ते काय म्हणाले ते सगळं सांग. गेला नसशील तर शुक्रवारी आपण दोघं जाऊ, आणि तिथे तू पास होणार नाहीस एवढं मी बघेन.

कोट अंगावर चढवण्याआधी मी माप पुन्हा घेणार आहे. तेव्हा श्वास सोडून उभा राहा. बोलायचं काम या खेपेला माझं.

दादा